अनवाणी पाय, काळी जमीन : फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या दुखापतींचा इतिहास

१५ सप्टेंबर २०१७. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला दोन दिवस बाकी होते. त्या दिवशी राज्यभरातल्या शाळांच्या मैदानांवर फुटबॉल उतरला. 'महाराष्ट्र मिशन १-मिलियन' या उपक्रमात एकाच दिवशी दहा लाख मुलामुलींनी चेंडूला पाय लावावा, असा राज्य सरकारचा संकल्प होता. तीन आठवड्यांनी सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात सुरू होणार होता आणि त्याचे काही सामने नवी मुंबईत ठरले होते. नांदेड-लातूरसारख्या कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेटच्या मुलखातही त्या दिवशी फुटबॉलचेच राज्य होते. त्या दिवशी मोजदाद झाली ती मुलांची. त्यांचे पाय कशावर उभे होते, त्या पायांत काय होते आणि ते पाय वाढीच्या कोणत्या टप्प्यावर होते, या तीन प्रश्नांचा इतिहास मात्र शंभर वर्षांहून जुना आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

सुरुवात हैदराबादपासून करावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड हा हैदराबाद राज्याचा जिल्हा होता आणि लातूर हे त्याच राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले एक गाव. (लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली.) म्हणजे ज्या काळाला भारतीय फुटबॉलचे सुवर्णयुग म्हणतात, त्याचा पूर्वार्ध घडत असताना आजचे नांदेड-लातूर आणि त्या सुवर्णयुगाची राजधानी एकाच राज्यात होती. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्यांचा प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हा मुळात शाळामास्तर. 'मैदान' या २०२४ सालच्या चित्रपटामुळे त्याचे नाव पुन्हा घरोघरी पोहोचले. पण त्याची उमेदीची वर्षे हैदराबादच्या शाळांत मुलांना शिकवण्यात गेली, ही गोष्ट पडद्यावरच्या झगमगाटात मागे राहते. आपल्या विषयाला तीच महत्त्वाची आहे.

आता पायांकडे वळू. भारतीय खेळाडू अनवाणी खेळत, याचे आपल्याकडे कौतुकच फार झाले. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, तेव्हा त्या संघातल्या अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. बूट घातलेला एकटा सुधीर चटर्जी. राष्ट्रवादाच्या इतिहासात हा दिवस अजरामर झाला आणि अनवाणी पाय हे शौर्याचे चिन्ह ठरले. पण समोरच्या गोऱ्या शिपायांच्या पायांत चामड्याचे जाड बूट होते. त्या बुटाखाली उघडी बोटे सापडली की काय होते, हे सांगायला वैद्यकाची पदवी लागत नाही. शिवाय पावसाळी निसरड्या मैदानावर अनवाणी पायाला पकड मिळत नसे. कोरडे मैदान हा अनवाणी संघाचा मित्र आणि ओले मैदान हा वैरी, असे समीकरण कलकत्त्याच्या फुटबॉलमध्ये रूढच होते.

३१ जुलै १९४८ रोजी स्वतंत्र भारताचा संघ लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी खेळला. बहुतेक खेळाडू अनवाणी, कित्येकांच्या पावलांना पट्ट्या गुंडाळलेल्या. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना १-२ असा निसटला. गंमत अशी की हा संघ लंडनमध्ये खेळत होता तेव्हा नांदेड अजून निजामाच्याच राज्यात होते. हैदराबादचे विलीनीकरण झाले ते सात आठवड्यांनी, १७ सप्टेंबरला. त्या संघाचा कर्णधार तालिमेरेन आओ हा नागा तरुण कलकत्त्यात वैद्यकशास्त्र शिकत होता. भारतात फुटबॉल खेळतात, तुम्ही खेळता तो 'बुटबॉल', अशा अर्थाचे त्याचे उत्तर आजही आवडीने सांगितले जाते. उत्तर हजरजबाबी खरेच. परंतु भावी डॉक्टरच्या तोंडून आलेले ते वाक्य आपण वैद्यकीय सल्ला म्हणून घेतले, ही मात्र पुढच्या पिढ्यांची चूक.

चार वर्षांनी, १५ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत त्याची किंमत मोजावी लागली. थंड हवा, बूट घातलेले युगोस्लाव्हियाचे धिप्पाड खेळाडू आणि समोर बहुतांश अनवाणी भारतीय संघ. निकाल १०-१. भारताचा एकमेव गोल अहमद खानचा. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. (१९५० साली बूट नसल्यामुळे भारत विश्वचषकाला गेला नाही, ही दंतकथा इथे बाजूला ठेवलेली बरी. त्या माघारीमागे संघनिवड, सराव आणि महासंघाच्या प्राधान्यक्रमाचे वाद होते; अनवाणी पायांवर तिचे खापर नंतर फुटले.) बूट घातलेल्या रहीमच्या संघाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. त्यात बलराम, अझीझुद्दीन, नूर मोहम्मद अशी हैदराबादची फळी होती आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा, गोव्याशी नाते सांगणारा मुंबईकर नेव्हिल डिसूझाही होता.

म्हणजे पायाचा प्रश्न सुटला? पूर्ण नाही. तो पायातून जमिनीत उतरला.

मराठवाड्यातली काळी कापसाची जमीन कशी वागते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पावसात ती बुटाला ढेकळासारखी चिकटते आणि पाय जड करते. पावसाळा सरला की आकसते, भेगाळते आणि मार्च-एप्रिलमध्ये दगडासारखी टणक होते. यावर उपाय म्हणून मैदानावर मुरूम टाकून रोलर फिरवला जातो. मुरमाने चिखल जातो. त्याच्या जागी गुडघे आणि कोपरे सोलून काढणारा पृष्ठभाग येतो. अशा मैदानावर पडलेला मुलगा दुसऱ्यांदा पडायला घाबरतो, अंग चोरून खेळतो आणि अंग चोरून खेळणाराच अनेकदा वेडावाकडा पडतो.

हिरवळ का नाही, याचे उत्तर १२ एप्रिल २०१६ या तारखेत आहे. त्या दिवशी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी. मांजरा धरण आटले होते. त्याआधीच्या महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी आणि हाणामारी होऊ नये म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. ज्या शहराला प्यायचे पाणी साडेतीनशे किलोमीटरवरून रुळांवर येते, तिथे शाळेच्या मैदानावर गवत जगवण्याची अपेक्षा कोण करील? लातूर-नांदेडच्या मुलाचा घोटा आणि मांजरा-गोदावरीच्या खोऱ्यातला पाऊस यांचे नाते असे थेट आहे.

हे नाते केवळ तर्काने जोडलेले नाही. ऑस्ट्रेलियातील क्रीडावैद्य जॉन ऑर्चर्ड यांनी १९९० च्या दशकात तिथल्या व्यावसायिक ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील गुडघ्याच्या दुखापती आणि हवामानाच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. कुणाशीही टक्कर न होता गुडघ्यातला पुढचा आडवा अस्थिबंध, म्हणजे खेळाडूंच्या भाषेतला 'एसीएल', तुटण्याचे प्रकार कोरड्या हवेत, बाष्पीभवन अधिक आणि पाऊस कमी असताना वाढत असल्याचे त्यांना आढळले. ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा वेगळा खेळ आणि तिथली मैदाने गवताची, हा फरक लक्षात ठेवायला हवा. पण यंत्रणा समजण्यासारखी आहे : बुटाचा तळ आणि जमीन यांच्यात पकड गरजेपेक्षा घट्ट झाली की पाऊल जागच्या जागी राहते, वरचे शरीर वळते आणि तो पीळ गुडघा सोसतो. अनवाणी पाय निसटत असे. खिळ्यांचा बूट अडकतो. टणक जमिनीवर लांब खिळ्यांचे बूट वापरू नयेत, बुटक्या आणि जास्त खिळ्यांचे किंवा सपाट तळाचे वापरावेत, हा साधा नियम त्यातूनच येतो. दुकानात मात्र मुलगा बूट निवडतो तो आवडत्या खेळाडूच्या पायातला पाहून, आणि तो खेळाडू युरोपच्या भिजवलेल्या हिरवळीवर धावत असतो.

तिसरा प्रश्न वयाचा. इथे इतिहास फुटबॉलच्या बाहेर जातो. १९०३ साली बोस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिकचे कार्ल श्लाटर या दोन डॉक्टरांनी, एकमेकांशी संबंध नसताना, वाढत्या वयातील मुलांच्या गुडघ्याखाली येणाऱ्या दुखऱ्या उंचवट्याचे वर्णन केले. १९१२ साली बोस्टनच्याच जेम्स सीव्हर यांनी टाचेच्या तशाच दुखण्याची नोंद केली. कारण एकच. वाढीच्या झपाट्यात हाडे लवकर लांबतात, स्नायू आणि त्यांचे दोर मागे राहतात आणि हाडाच्या ज्या टोकाला अजून कूर्चा आहे, तिथे ताण बसतो. धावणे, उडी आणि लाथ या तिन्ही क्रिया तोच ताण वाढवतात. आपल्या घरांत याला 'वाढीचं दुखणं' म्हणत आणि विषय तिथेच संपे. निदान बरोबर होते. चुकत होते ते पुढचे : दुखणे वाढीचे आहे म्हणून खेळ तसाच चालू ठेवायचा, हे.

वाढीचा झपाटा मुलांत साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास आणि मुलींत बाराव्याच्या आसपास शिखरावर असतो; पण 'साधारण' या शब्दात फार मोठा फरक दडलेला आहे. एकाच वर्गातली, एकाच वर्षी जन्मलेली दोन मुले शरीराच्या वयाने दोन-तीन वर्षे दूर असू शकतात. चौदा वर्षांखालच्या सामन्यात दाढी-मिशा फुटलेला बचावपटू आणि आवाजही न फुटलेला आघाडीपटू एकमेकांवर आदळतात, ते दोघेही दाखल्याप्रमाणे निर्दोष असतात.

आणि दाखला तरी किती खरा? मराठवाड्यातल्या कुठल्याही सरकारी कार्यालयात गेल्या पिढीच्या कर्मचाऱ्यांच्या जन्मतारखा पाहाव्यात. त्यातल्या कितीतरी १ जूनच्या निघतील. शाळेत नाव घालताना जन्माची नोंद नसेल तर मास्तर अंदाजाने वर्ष आणि सोयीने १ जून लिहीत. हा प्रकार बहुतांशी निरागस होता. स्पर्धा आल्यावर त्यातली निरागसता गेली. वय कमी दाखवून खालच्या गटात खेळवण्याचा रोग जगभर आहे. २००९ साली नायजेरियात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून 'फिफा'ने मनगटाच्या एमआरआय चाचणीचा आधार घेतला, तो याच कारणासाठी. मनगटाजवळच्या हाडाची वाढीची रेषा पूर्ण मिटली असेल तर मुलगा सतराच्या आतला असण्याची शक्यता नगण्य ठरते. वयचोरीची चर्चा नेहमी न्यायाच्या अंगाने होते. तिची दुसरी बाजू हाडांची आहे : मोठ्या मुलाच्या धडकेला उत्तर देणारे हाड खरोखर लहान असते.

आता शाळेचे वेळापत्रक पाहू. एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० पासून चालत आलेली सुब्रतो चषकाची आंतरशालेय स्पर्धा हे आजही जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांच्या फुटबॉलचे कारण आहे. तिचे जिल्हास्तरीय सामने ऐन पावसाळ्यात, शाळा सुरू झाल्यानंतर लवकरच येतात. मे महिनाभर सुट्टी, जूनमध्ये प्रवेशाची धांदल आणि मग अचानक काही दिवसांत लागोपाठ सामने. क्रीडावैद्यक ज्याला भाराची उडी म्हणते, ती हीच. शरीर कष्टांना नव्हे, अनपेक्षित कष्टांना बिचकते. आठवडाभर रोज खेळणाऱ्या मुलापेक्षा दोन महिने न खेळता एका आठवड्यात चार सामने खेळणारा मुलगा अधिक धोक्यात असतो.

त्यात 'लातूर पॅटर्न'ची भर. राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी जोडलेली ही अभ्यासपद्धती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत राज्यभर गाजली आणि लातूर, मागोमाग नांदेड, ही शिकवणी वर्गांची शहरे झाली. त्यात वाईट काही नाही. असंख्य घरांना तिने डॉक्टर-इंजिनीअर दिले. पण दहावीच्या उंबरठ्यावर मुलाचे मैदान सुटते आणि दिवसाचे दहा-बारा तास बाकावर जातात. दुसऱ्या टोकाला, राज्य मंडळाच्या परीक्षेत विशिष्ट स्तरापर्यंत खेळलेल्यांना सवलतीचे गुण मिळतात. त्यामुळे त्याच वर्षी, सराव नसताना, 'एक स्पर्धा खेळून टाक' असा आग्रहही होतो. गुणांसाठी खेळणारा मुलगा घोटा सुजल्याचे शिक्षकांना सांगेल का? सांगितले तर संघातले नाव जाते.

न सांगितलेल्या दुखापतीचे पुढे काय होते, ते सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण आधीची दुखापत हाच पुढच्या दुखापतीचा सर्वांत भरवशाचा इशारा असतो. घोटा मुरगळला की घरी आंबेहळदीचा लेप लागतो, कधी हाडवैद्याकडून तो चोळला जातो. (ताज्या सुजेवर चोळणे टाळावेच.) चार दिवसांत सूज उतरते, वेदना जाते आणि मुलगा मैदानात परततो. पण अस्थिबंध पूर्ण भरलेला नसतो आणि पावलाचा तोल सांभाळणारी स्नायूंची जाणीव परतलेली नसते. महिन्याभरात तोच घोटा पुन्हा जातो. सूज उतरणे आणि बरे होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एका पायावर डोळे मिटून उभे राहता येते का, त्याच पायावर उडी मारून स्थिर राहता येते का, ही तपासणी कुठल्याही शाळेच्या ओसरीवर होऊ शकते.

लपवण्याची ही वृत्ती येते कुठून? काही अंशी ती आपण सांगत असलेल्या इतिहासातून येते. १९६२ ची जकार्ता आशियाई स्पर्धा घ्या. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावपटू जर्नैल सिंगचे डोके फुटले, टाके पडले. रहीमने त्याला उपांत्य सामन्यात आघाडीवर उतरवले. त्याने गोल केला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जी आणि जर्नैल यांच्या गोलांनी भारताने २-१ असे सुवर्णपदक जिंकले. स्वतः रहीम त्या वेळी फुप्फुसाच्या कर्करोगाने पोखरला गेला होता. पुढच्या वर्षी ११ जूनला तो गेला. ही कथा थरारक आहे आणि सांगितली गेलीच पाहिजे. मात्र ती कोणत्या काळात घडली हेही सांगायला हवे. सामना सुरू असताना खेळाडू बदलण्याची मुभा तेव्हा सर्रास नव्हती. विश्वचषकात ती १९७० साली आली. डोक्याच्या आतल्या इजेबद्दलचे ज्ञान तुटपुंजे होते. जर्नैल प्रौढ होता आणि ते त्याच्या देशाच्या इतिहासातले एक निर्णायक पर्व होते. तालुका पातळीच्या सामन्यात डोके आपटलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला 'जर्नैल सिंग आठव' असे सांगणे हा इतिहासाचा दुरुपयोग आहे.

डोक्याबाबत जगाने दिशा बदलली आहे. इंग्लंडच्या जेफ ॲसलचा २००२ साली मृत्यू झाला, तेव्हा चौकशी अधिकाऱ्याने चेंडू डोक्याने मारण्याशी त्याच्या मेंदूविकाराचा संबंध जोडून तो व्यवसायजन्य आजार ठरवला. २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंत मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीन पट असल्याचे दाखवले. २०२० च्या फेब्रुवारीत इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकला. मेंदूला धक्का बसल्याच्या संशयावरून जादा खेळाडू बदलण्याची तरतूद आधी २०२१ पासून प्रयोग म्हणून आणि मग २०२४ मध्ये खेळाच्या नियमांत आली. ती लागू करायची की नाही, हे प्रत्येक स्पर्धेच्या आयोजकांवर सोपवलेले आहे. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेचे आयोजकही त्यात आले.

उरला उपाय. त्याचाही इतिहास आहे. स्वीडनच्या यान एकस्ट्रँड यांनी १९८० च्या सुमारास बारा संघ निवडले. त्यांपैकी सहांना सराव-आराखडा, योग्य साहित्य, घोट्याला पट्टी आणि जुन्या दुखापतींवर देखरेख दिली. बाकीच्यांना नेहमीप्रमाणे खेळू दिले. पहिल्या गटातल्या दुखापती ७५ टक्क्यांनी कमी निघाल्या. दुखापत म्हणजे नशीब, ही समजूत फुटबॉलच्या जगात ज्या अभ्यासांनी मोडीत काढली, त्यांतला हा आरंभीचा. पुढे 'फिफा'च्या वैद्यकीय केंद्राने 'इलेव्हन प्लस' हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप तयार केला : संथ धाव, मग तोल, पोट-पाठ आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, उड्या मारून गुडघा आत न वळवता उतरणे आणि शेवटी वेगाने धाव व वळणे. नॉर्वेतील १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर त्याची परीक्षा झाली; २००८ साली आलेल्या निष्कर्षांत एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या होत्या. मुलींवर परीक्षा झाली याला महत्त्व आहे, कारण एसीएल तुटण्याचा धोका मुलींना मुलांच्या दुप्पट-तिप्पट असतो आणि आपल्याकडे मुलींचा संघ बहुधा सर्वांत शेवटी, सर्वांत कमी सरावाने उभा राहतो. त्यानंतर ७ ते १३ वयाच्या मुलांसाठीची आवृत्ती युरोपातल्या चार देशांत तपासली गेली. तिथेही दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या.

या व्यायामांना लागते काय? एक चेंडू, थोडी जागा आणि उतरताना मुलाच्या गुडघ्याकडे पाहणारा एक शिक्षक. यंत्रे नकोत, पाणी नको, हिरवळही नको. परिणाम दिसायला मात्र ते आठवड्यातून किमान दोनदा आणि सातत्याने करावे लागतात. स्पर्धेच्या सकाळी एकदा केल्याने काही होत नाही. त्याच्या जोडीला मुलांची उंची दर तीन महिन्यांनी वहीत लिहिली, तर वाढीचा झपाटा कोणाचा सुरू आहे ते शिक्षकाला डॉक्टरशिवाय कळते. त्या मुलाच्या उड्या आणि लागोपाठचे सामने तेवढ्या काळापुरते कमी करता येतात. रहीम हैदराबादच्या मुलांसाठी कमजोर पायाने खेळण्याच्या स्पर्धा भरवत असे. उजव्या पायाच्या मुलाने डावाच पाय वापरायचा. त्याचा हेतू कौशल्याचा होता. पण सगळा भार एकाच पायावर टाकणाऱ्या मुलाला दुसरा पाय वापरायला लावणारा तो मास्तर आजच्या क्रीडावैद्यांनाही परका वाटला नसता.